जुन्या स्पोर्ट्स मोटारीला टायर घेतांना

बैलगाडीच्या चाकाला लोहार जी लोखंडी पट्टी चढवितो, तिला आपल्याकडे धांव म्हणतात. पट्टी तापवून लाल करावी, लांकडी चाकावर चढवावी आणि पाणी ओतून आवळूं द्यावी, एवढेंच तें शास्त्र. आपली धांव शेजाऱ्याच्या धांवेपेक्षां देखणी असावी, अशी हौस कोणा शेतकऱ्यानें बाळगल्याचें ऐकिवांत नाहीं. मोटारीची रबरी धांव, म्हणजे टायर, ही मात्र अशी वस्तु आहे कीं तिच्यांत हौस, पैसा आणि जीव या तिहींचा हिशेब एकदम मांडावा लागतो; आणि गाडी जुनी व वेगवान असेल तर तो हिशेब चुकण्याचा संभव फार.

स्पोर्ट्स मोटार म्हणजे बहुधा दोन माणसांची, बुटकी, हलकी आणि वळणावर चपळ अशी गाडी. इंग्लंड, अमेरिका, जपान या देशांत तीस-चाळीस वर्षांपूर्वींच्या अशा गाड्या हौसेनें सांभाळणारे लोक पुष्कळ आहेत. ते सारेच धनाढ्य असतात अशी समजूत कोणी करून घेऊं नये. साध्या पगाराचीं माणसें नव्या गाडीच्या किंमतीच्या लहानशा अंशांत जुनी गाडी घेतात, सुटीच्या दिवशीं तिचें छप्पर खालीं पाडतात आणि घाटाच्या रस्त्याला लागतात. गाडी स्वस्तांत मिळते; पण ती चालती ठेवण्याचा खर्च गाडीबरोबर स्वस्त होत नाहीं. टायर बदलण्याची पाळी आली म्हणजे गृहस्थ विचारांत पडतो. खिशाला परवडेल, डोळ्यांना शोभेल आणि पावसांत दगा देणार नाहीं, असा टायर कोणता?

हा विचार करतांना एक गोष्ट प्रथम ध्यानांत धरावी. गाडी कितीही दिमाखदार असली तरी तिचा जमिनीशीं संबंध येतो तो चार तळहातांएवढ्या रबरापुरताच. एंजिनाची शक्ति, ब्रेकची ताकद आणि चालकाच्या हातांतील कौशल्य हीं सारीं त्या चार तळहातांतून रस्त्यापर्यंत पोंचतात. तेथें काटकसर चुकली, तर बाकीचा सारा खर्च व्यर्थ.

उदाहरणादाखल एकच गाडी घेऊं. जपानच्या माझ्दा कंपनीची एमएक्स-५ ही गाडी १९८९ च्या फेब्रुवारींत शिकागोच्या प्रदर्शनांत प्रथम लोकांपुढें आली. अमेरिकेंत तिला मियाटा म्हणतात. वजन साडेनऊशें किलोच्या आसपास, एंजिन लहान, पण वळणावर तिच्यासारखी आनंद देणारी गाडी या किंमतींत दुसरी मिळणें कठीण. २०१६ सालीं या मालिकेंतील दहा लाखावी गाडी कारखान्यांतून बाहेर पडली. यावरून तिच्या लोकप्रियतेची कल्पना येईल. पहिल्या पिढीच्या या गाडीला कारखान्यानें जे टायर दिले, त्यांचें माप १८५/६०आर१४ असें होतें, आणि त्यापुढें ८२एच अशी खूण असे.

ही अक्षरें मंत्राप्रमाणें दिसलीं, तरी त्यांचा अर्थ शाळकरी मुलालाही समजेल असा आहे. १८५ ही टायरची मिलिमीटरांतील रुंदी. ६० म्हणजे टायरच्या कुशीची उंची रुंदीच्या शेंकडा ६०, म्हणजे १११ मिलिमीटर. आर हें अक्षर रेडियल बांधणीचें, आणि १४ हा रिमचा इंचांतील व्यास. ८२ या आंकड्याचा अर्थ एक टायर ४७५ किलो भार वाहूं शकतो, आणि एच म्हणजे ताशीं २१० किलोमीटरपर्यंतचा वेग त्याला सोसतो. एसची मर्यादा १८०, टीची १९० आणि व्हीची २४०. वर्णमालेप्रमाणें एच हें अक्षर एसच्या आधीं येत असलें तरी वेगांत तें टीच्या पुढें बसतें. ही विसंगति कोणी कां राहूं दिली असेल तें असो, पण ग्राहकाचा घोंटाळा मात्र हमखास होतो.

आतां अडचण येते ती अशी. गेल्या तीस वर्षांत मोटारींचीं चाकें मोठीं होत गेलीं. सोळा, सतरा, अठरा इंचांच्या रिमा आज साध्या कुटुंबवत्सल गाडीलाही असतात. त्यामुळें चवदा इंची टायरांचा बाजार आटला. मिळतात ते बहुतेक लहान घरगुती गाड्यांसाठीं केलेले, टिकाऊ पण पकडीला बेताचे. स्पोर्ट्स मोटारीला साजेसा टायर याच मापांत हवा असेल तर निवड फारच थोडी राहते.

यावर पुष्कळ लोक एक इंच मोठी रिम घेण्याचा उपाय करतात, आणि तो वाईट नाहीं. परंतु येथें थोडें अंकगणित करावें. मूळ टायरचा एकूण व्यास म्हणजे चवदा इंचांचे ३५५.६ मिलिमीटर आणि वरची व खालची कूस मिळून २२२, एकूण ५७७.६ मिलिमीटर. पंधरा इंची रिमवर १९५/५०आर१५ घेतला तर ३८१ आणि १९५ मिळून ५७६. फरक दीड मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे नसल्यासारखाच. वेगदर्शक कांटा खरें बोलतो, गाडीची उंची बदलत नाहीं, आणि या मापांत चांगल्या पकडीचे टायर अनेक कारखाने करतात. याच हिशेबानें सोळा इंची रिमवर २०५/४५आर१६ घातला तर व्यास ५९१ च्या जवळ जातो. शेंकडा सव्वादोनहून अधिक वाढ झाली. आतां कांटा १०० दाखवील तेव्हां गाडी १०२ च्या वर धांवत असेल. शिवाय चाकाचें वजन वाढतें, कूस पातळ झाल्यामुळें प्रत्येक खड्डा पाठीच्या कण्याला कळतो, आणि सुकाणू पूर्णपणें वळविलें असतां मडगार्डाची कड टायरला घांसण्याची भीति राहते. मोठें चाक उभ्या गाडीला शोभतें. चालणाऱ्या गाडीला तें शोभेलच असें नाहीं.

रुंदीचाही असाच मोह पडतो. जितका टायर रुंद तितकी पकड अधिक, हें कोरड्या रस्त्यावर कांहीं अंशीं खरें. पण पावसांत टायरला आपल्या पुढचें पाणी खांचांतून बाजूला सारावें लागतें. रुंद टायरला पाणी अधिक सारावें लागतें, आणि हलक्या गाडीचा भार त्या रुंदीवर पातळ पसरतो. मग एका विशिष्ट वेगाला टायर जमिनीवरून उचलला जाऊन पाण्यावर तरंगूं लागतो. त्या क्षणीं सुकाणू हातांत असतें, पण गाडी हातांत नसते.

परंतु मापापेक्षांही मोठा धोका आहे वयाचा, आणि जुन्या हौशी गाड्यांच्या बाबतींत तो विशेष आहे. रोज धांवणाऱ्या गाडीचा टायर झिजतो, आणि झिजला म्हणजे मालक तो बदलतो. हौसेची गाडी वर्षाला थोडीशी चालते. टायरची नक्षी नवीच्या नवी राहते, आणि मालक म्हणतो, "अजून पांच वर्षें सहज जातील." रबराला मात्र झिजण्याची गरज नसते, तें नुसतें उभ्या उभ्याही म्हातारें होतें. हवेंतील प्राणवायु व ओझोन हे त्याच्यावर सतत काम करीत असतात. यावर उपाय म्हणून कारखानदार रबरांत एक प्रकारचें मेण घालतात. टायर फिरतांना दबला-ताणला कीं तें मेण हळूहळू पृष्ठभागावर येऊन लेप धरतें. गाडी उभीच राहिली तर हा लेप नीट धरत नाहीं. म्हणजे जपून ठेवलेला टायर कधीं कधीं वापरलेल्या टायरपेक्षां लवकर तडकतो. कुशीवर बारीक भेगा दिसूं लागल्या म्हणजे आंतील थरांचीही शंका घ्यावी. आणि कित्येकदां बाहेर कांहीं न दिसतांही आंतले थर सुटूं लागलेले असतात.

सप्टेंबर २०१२ मध्यें इंग्लंडांतील सरे परगण्यांत एका उत्सवाहून तरुण मंडळींना घेऊन परतणाऱ्या बसचा पुढचा टायर फुटला. बस रस्ता सोडून झाडावर आदळली. चालक धरून तीन माणसें मेलीं. पुढें चौकशींत निष्पन्न झालें कीं तो टायर एकोणीस वर्षांहून अधिक जुना, खुद्द त्या बसपेक्षांही वयानें मोठा होता. मेलेल्यांपैकीं एका मुलाच्या आईनें त्यानंतर अनेक वर्षें सरकारच्या मागें लागून हा विषय लावून धरला, आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून ब्रिटनमध्यें बस, लॉरी वगैरेंच्या पुढच्या आंसावर दहा वर्षांहून जुना टायर वापरण्यास बंदी झाली. खाजगी मोटारीला हा नियम नाहीं. तेथें मालकाची अक्कल हाच कायदा.

दुसरें उदाहरण स्पोर्ट्स मोटारीचेंच आहे. ३० नोव्हेंबर २०१३ रोजीं कॅलिफोर्नियांत सुप्रसिद्ध नट पॉल वॉकर आणि त्याचा मित्र २००५ सालच्या पोर्शे कॅरेरा जीटी या गाडींत अपघात होऊन मृत्यु पावले. तपास करणाऱ्यांनीं कारण म्हणून अतिवेगाकडेच बोट दाखविलें; परंतु गाडीचे टायर नऊ वर्षांचे होते, ही गोष्टही त्यांनीं नोंदवून ठेविली, आणि इतक्या जुन्या टायरांनीं गाडीच्या वागण्यांत फरक पडूं शकतो असें म्हटलें. लक्षावधि डॉलरांची गाडी, आणि टायर मात्र जुने! श्रीमंतीनें शहाणपण येतेंच असें नाहीं, एवढाच याचा अर्थ.

टायरचें वय ओळखणें अवघड नाहीं. कुशीवर डॉट या अक्षरांपुढें एक लांबलचक खूण असते. तिच्या शेवटच्या चार आंकड्यांपैकीं पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन सालाचे. २३१९ असें दिसलें तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांतला. शेवटीं तीनच आंकडे असतील तर तो टायर २००० सालापूर्वींचा समजावा, आणि मग पुढें कांहीं वाचण्याचें कारण उरत नाहीं. अनेक मोटार-कारखाने सहा वर्षांनंतर टायर बदला म्हणतात. टायर करणारे दहा वर्षें ही अगदीं शेवटची मर्यादा सांगतात. दुकानांत पुष्कळ सूट देऊन विकल्या जाणाऱ्या चवदा इंची टायरांचें साल विशेष लक्षपूर्वक पाहावें. ज्या मापाला गिऱ्हाईक थोडें, तो माल फळीवर फार दिवस पडून असतो. विकणाऱ्याला साल विचारण्यांत संकोच कसला? भाजीवाल्याकडे वांगें दाबून पाहणाऱ्या माणसानें टायरच्या बाबतींत भिडस्त होण्याचें कारण नाहीं.

आतां रबराच्या जातीविषयीं. ज्याला उन्हाळी टायर म्हणतात त्याचें मिश्रण उबदार हवेंत रस्त्याला उत्तम चिकटतें. परंतु उष्णतामान सातेक अंशांच्या खालीं गेलें म्हणजे तें कडक होऊं लागतें. बारमाही टायर सर्वच हवेंत बरा, पण कोणत्याच हवेंत उत्कृष्ट नाहीं. हौसेची गाडी जर हिवाळ्यांत गॅरेजमध्यें झांकूनच ठेवावयाची असेल, तर तिला उन्हाळी टायर हाच योग्य. अमेरिकेंत टायरच्या कुशीवर टिकाऊपणाचा एक आंकडा असतो. टेक्सासमधील ठराविक रस्त्यावर गाड्यांचा ताफा ७,२०० मैल चालवून झीज मोजतात आणि त्यावरून कारखानदार हा आंकडा देतो. ४०० चा टायर २०० च्या दुप्पट टिकावा असा त्याचा आशय. बहुतेक लोक मोठा आंकडा पाहून खूष होतात. जुन्या स्पोर्ट्स मोटारीला हीच गोष्ट उलटी लागू पडते. वर्षाकांठीं दोन-तीन हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीचा टायर झिजून नव्हे तर वयानें बाद होणार आहे. मग ६०० चा कडक, दीर्घायुषी टायर घेऊन त्याचें शेवटचें अर्धें आयुष्य फेकून देण्यापेक्षां ३०० च्या आसपासचा नरम, पकडीचा टायर त्याच पैशांत घ्यावा. त्याच कुशीवर पकडीची म्हणून जी एए, ए, बी अशी श्रेणी असते, ती ओल्या रस्त्यावर सरळ रेषेंत थांबण्यापुरती आहे. वळणावरच्या वागणुकीबद्दल ती कांहींच सांगत नाहीं. युरोपांत ओल्या रस्त्यावरील पकडीला ए पासून ई पर्यंत श्रेणी छापील चिठ्ठीवर देतात. सी श्रेणीच्या खालीं उतरूं नये, असा निर्बंध आपणच आपल्यावर घालून घ्यावा.

सौंदर्याचा विचार क्षुल्लक आहे असें मात्र कोणी म्हणूं नये. जुनी गाडी लोक ठेवतात ती निम्मी डोळ्यांसाठींच. इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथें १९६२ ते १९८० या काळांत पांच लाखांहून अधिक एमजीबी गाड्या झाल्या. तिला तारेच्या आऱ्यांचीं चाकें असलीं म्हणजे तिच्यासारखी देखणी ती. त्या चाकांवर आजच्या पद्धतीचा पातळ कुशीचा टायर चढविला तर धोतरावर बूट घातल्यासारखें दिसतें. तिला उंच कुशीचा, अरुंद टायरच शोभतो. आरंभीं तिला आडव्या-उभ्या दोऱ्यांच्या जुन्या बांधणीचे ५.६०-१४ मापाचे टायर असत. पुढें रेडियल आले. रेडियल बांधणीचें पेटंट मिशलॅं कंपनीनें १९४६ सालीं घेतलें, पण ती जगभर रुळण्यास पंचवीस-तीस वर्षें लागलीं. एमजीबीला आज १६५आर१४ हें माप योग्य. यांत कुशीचा आंकडा छापलेला नसतो, कारण तेव्हां ती शेंकडा ८० च्या आसपास गृहीतच धरलेली असे. तो न मिळाल्यास १८५/७०आर१४ जवळपास त्याच व्यासाचा होतो. तारेच्या चाकांत आऱ्यांचीं टोंकें रिमच्या आंत निघतात आणि तेथून हवा जाते, म्हणून टायरच्या आंत ट्यूब हवीच. ती बसवितांना टायरच्या आंत चिकटविलेली कागदी चिठ्ठी काढून टाकावी. एवढ्याशा चिठ्ठीच्या घर्षणानें ट्यूब पंक्चर झाल्याचीं उदाहरणें आहेत.

ज्यांना अगदीं मूळच्या नक्षीचाच टायर पाहिजे त्यांच्यासाठीं पिरेलीचा सिंतुरातो, मिशलॅंचा एक्सएएस यांसारखे १९६०-७० च्या काळांतील नमुने आज पुन्हां काढले जातात. नक्षी जुनी, रबर नवें, अशी ही सोय उत्तम आहे. पण किंमत साध्या टायरच्या अनेक पटींनीं. मधला मार्ग म्हणून हॉलंडच्या व्रेडेस्टाइनचा स्प्रिंट क्लासिक हा टायर पुष्कळांना पसंत पडतो. ती कंपनी २००९ सालीं आपल्या देशांतील अपोलो टायर्सनें विकत घेतली, हें ऐकून श्रोत्यांस थोडा अभिमान वाटल्यास नवल नाहीं. अमेरिकेंतील दणकट एंजिनाच्या जुन्या गाड्यांना पांढऱ्या उठावदार अक्षरांचे टायर शोभतात. बीएफ गुडरिचचा रेडियल टी/ए हा त्यांतला सर्वांस ठाऊक असलेला. तो दिसतो छान आणि किंमतीलाही बेताचा. परंतु त्याचा वेगांक बहुधा एस असतो, आणि ओल्या वळणावर आजच्या उत्तम टायरशीं तो बरोबरी करूं शकत नाहीं. रविवारच्या संथ फेरफटक्याला तो पुरेसा. पांढरीं अक्षरें एमएक्स-५ वर मात्र विशोभित दिसतात. तिला काळी साधी कूस आणि समोरून दिसणारी स्वच्छ, बाणाच्या आकाराची नक्षी पुरे. या बाणाच्या नक्षीचा टायर एकाच दिशेनें फिरवावयाचा असतो, म्हणून डाव्या बाजूचा उजवीकडे नेतां येत नाहीं.

स्वस्ताईसाठीं कोठें हात आंखडावा? नांवलौकिक नसलेल्या, अगदीं कमी किंमतीच्या टायरांना इंग्लंडांत रस्त्याकडेचा चर शोधून काढणारे असें थट्टेनें म्हणतात, आणि ती थट्टा अनुभवांतून आलेली आहे. वापरलेला टायर घेऊं नये. त्यानें पूर्वीं काय ठोकरा खाल्ल्या आहेत हें त्याची कूस सांगत नाहीं. त्याऐवजीं नामांकित कारखान्याचा, पण सर्वांत वरच्या नव्हे तर मधल्या प्रतीचा टायर घ्यावा. नव्या रिमांचा मोह सोडावा; जुन्याच घांसून रंगवून घेतल्या तर गाडीचें रूप टायर बदलण्याहून अधिक खुलतें. आणि चारी टायर एकदम, एकाच जातीचे घ्यावे. पैशाच्या अडचणीनें दोनच घ्यावे लागले, तर नवे मागें बसवावे, कारण ओल्या वळणावर मागचीं चाकें आधीं निसटलीं तर गाडी भोंवऱ्यासारखी फिरते. जुन्या बांधणीचे आणि रेडियल एकाच आंसावर तर कधींच मिसळूं नयेत.

बसविल्यावर पहिले दोन-तीनशें किलोमीटर जपून चालवावें. नव्या टायरच्या पृष्ठभागावर गुळगुळीतपणा असतो, तो जाईपर्यंत खरी पकड येत नाहीं. हवा किती भरावी हें टायरवर छापलेल्या कमाल आंकड्यावरून ठरवूं नये. एमएक्स-५ च्या दरवाज्याजवळच्या पट्टीवर २६ पौंड लिहिलें आहे, आणि मूळ मापाच्या टायरला तेवढीच हवा पाहिजे. दुकानदार सवयीनें ३५ भरून देतो, आणि मग मालक नव्या टायरांना उगाच बोल लावतो. नक्षी कायद्यानें १.६ मिलिमीटरपर्यंत चालते खरी. परंतु ३ च्या खालीं गेली कीं पावसांतली पकड झपाट्यानें उतरते.

एवढें सारें झाल्यावर पुष्कळ लोक पांचवें चाक विसरतात. पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ च्या डिकींत एक लहानसें, तात्पुरतें जादा चाक असतें, आणि तें बहुधा गाडी कारखान्यांतून निघाली तेव्हांचेंच असतें. त्यावर तीन आंकड्यांची खूण दिसेल.